मासोळीच्या अंगावर गाठ आली तर



या पानावर आपण शेळ्यांचे, कोंबड्यांचे, गाईम्हशींचे पाठ घेतले. या वेळचा पाठ काचपेटीतल्या मासोळ्यांचा आहे. काही जणी म्हणतील, हे शहरातल्या लोकांचे शौक, आपल्याला काय करायचे? पण गेल्या काही बैठकांत मी पाहते, आपल्या गटांतल्या कितीतरी घरी आता फिश टँक आहे. कोणाच्या किराणा दुकानाच्या काउंटरवर आहे, कोणाच्या पोराने वाढदिवसाला हट्ट करून आणला आहे. दोन गटांनी तर रंगीत मासे वाढवून विकायचा धंदा करू म्हणून अंतर्गत कर्जाची मागणी लिहिली आहे. आणि प्रश्न सगळीकडून एकच येतो : "ताई, मासोळीले गाठ आली. काय करू?"

एका बैठकीत एका आजीने विचारले, "काहून बाप्पा, मासोळीले बी लम्पी होते का?" सगळ्या हसल्या, पण प्रश्न हसण्यासारखा नव्हता. २०२२ च्या पावसाळ्यात अकोला, अमरावती, बुलढाण्यात लम्पीने किती गोठे रिकामे केले ते आपण डोळ्यांनी पाहिले आहे. तेव्हापासून जनावराच्या अंगावर गाठ दिसली की छातीत धस्स होते. तर आधी तेच सांगते. लम्पी गाई-म्हशींचा विषाणू आहे. तो माशाला होत नाही, माणसालाही होत नाही. माशाच्या गाठी वेगळ्या, त्यांची कारणे वेगळी.

अडचण अशी की "गाठ" हा एकच शब्द आपण दहा निरनिराळ्या गोष्टींना वापरतो. माशाच्या अंगावर जे काही वर आलेले दिसते ते सगळे गाठच. त्यातल्या काही गोष्टी रोग नाहीतच, काही चार दिवसांत टँक रिकामा करतात, आणि काही गाठी घेऊन मासा वर्षानुवर्षे जगतो. म्हणून औषधाच्या आधी नीट पाहणे शिकायचे आहे.

आधी पाहा

मासा पेटीतून बाहेर काढू नका. दिवसा, काचेजवळ आला की मोबाईलवर बाजूने फोटो घ्या, मग वरून एक घ्या. दर दोन दिवसांनी त्याच बाजूने पुन्हा घ्या. आपण गटाचे इतिवृत्त लिहितो तसे एका वहीत लिहा : तारीख, गाठ केवढी (मोहरीएवढी, ज्वारीएवढी, हरभऱ्याएवढी), रंग, एक आहे की अनेक, मासा खातो का, अंग दगडाला घासतो का, इतर माशांना आहे का. डॉक्टरकडे जायची वेळ आली तर ही वही आणि हे फोटो निम्मे काम करतात, कारण मासा उचलून दवाखान्यात नेणे सोपे नाही.

आता काय काय दिसू शकते ते बघू.

काही मासे जन्मतःच तसे असतात. ओरांडा जातीच्या गोल्डफिशच्या डोक्यावर रास्पबेरीसारखी, म्हणजे आपल्या शहतुताच्या फळासारखी दाणेदार टोपी वाढते. पिल्लू असताना नसते, काही महिन्यांनी येऊ लागते. ती त्या जातीची शोभा आहे आणि तिच्यासाठीच लोक जास्त पैसे मोजतात. फ्लॉवरहॉर्नच्या कपाळावरचे टेंगूळही तसेच. ओरांडाची टोपी कधी डोळ्यांवर येते, तेव्हा माशाला दाणा दिसत नाही, एवढी काळजी घ्यायची.

नर गोल्डफिश मोठा झाला की प्रजननाच्या दिवसांत त्याच्या कल्ल्याच्या झाकणावर आणि पुढच्या परांच्या कडेवर बारीक पांढरे दाणे येतात. कित्येक जणी हे पाहून औषध टाकतात. दाणे फक्त त्या दोन जागी, ओळीत, आणि मासा हुशार असेल तर तो नर वयात आला आहे, बाकी काही नाही.

तेच पांढरे दाणे अंगभर, शेपटीवर, मीठ भुरभुरल्यासारखे दिसले आणि मासा दगडाला अंग घासू लागला तर मात्र ती पांढऱ्या ठिपक्यांची साथ. हा एक सूक्ष्म परजीवी आहे. याची चाल समजून घ्या, म्हणजे औषध का फसते ते कळेल. दाण्याच्या आत तो माशाच्या कातडीखाली बसलेला असतो, तिथे औषध पोचत नाही. पोट भरले की तो सुटून तळाला जातो, तिथे एकाचे शेकडो होतात आणि ते पोहत नवा मासा शोधतात. औषध लागते ते फक्त या पोहणाऱ्यांना. म्हणून दोन दिवसांत दाणे गेले की "बरे झाले" म्हणून औषध थांबवले तर आठवड्यात साथ दुप्पट येते. दाणे गेल्यावरही उपाय चालू ठेवायचा, एकूण दहा ते चौदा दिवस.

कापसाच्या मुलखात राहतो म्हणून कापसाची उपमा आपल्याला लगेच कळेल. जखमेवर बोंड फुटल्यासारखा पांढरा पुंजका दिसला तर ती बुरशी. ती बहुधा आधी झालेल्या जखमेवर चढते, थंडीत जास्त. पण तोंडाभोवती कापसासारखे दिसत असेल आणि दिवस उन्हाळ्याचे असतील तर तो जंतूंचा रोग असू शकतो. गरम पाण्यात तो एक-दोन दिवसांत मासा मारतो. इथे वाट पाहायची नाही, त्याच दिवशी मासा वेगळा करायचा आणि डॉक्टरला फोटो पाठवायचा.

अंगातून एक-दोन सेंटीमीटरचा दोरा लोंबतो आहे आणि मुळाशी लाल गाठ आहे, तर तो नांगर किडा. नाव किडा असले तरी तो झिंग्याच्या कुळातला आहे. त्याचे डोके नांगराच्या फाळासारखे मांसात रुतलेले असते. चपटा, पारदर्शक, सरकणारा ठिपका असेल तर ती माशाची ऊ. तळ्यात रोहू-कतला पाळणाऱ्या आपल्या भोई समाजाच्या ताईंना ही ऊ चांगली माहीत आहे. दोन्ही गोष्टी चिमट्याने निघतात. ओल्या फडक्यात मासा धरा, कातडीच्या अगदी जवळ दोरा पकडून हळू ओढा, अर्ध्या मिनिटाच्या वर मासा बाहेर ठेवू नका. जखमेला पोविडोन आयोडीनचा बोळा टेकवा, कल्ल्यात जाऊ देऊ नका. अंडी पेटीत राहिलेली असतात, म्हणून पुढचे तीन-चार आठवडे रोज नजर ठेवावी लागते.

पराच्या कडेला फुलकोबीच्या तुऱ्यासारखी पांढरी खडबडीत गाठ, हा विषाणूचा रोग. यात माशाच्या कातडीची एकेक पेशी फुगून नुसत्या डोळ्यांना दिसेल एवढी होते. याला औषध नाही आणि बहुतेक वेळा लागतही नाही. पाणी चांगले ठेवले तर काही आठवड्यांत, कधी महिन्यांत, आपोआप झडतो. गोल्डफिशच्या कुळात हा सहसा होत नाही, गुरामी, सिक्लिड, काच-मासा यांच्यात दिसतो. बाजारात गुलाबी-हिरव्या पट्ट्यांचे काच-मासे मिळतात ना, तो रंग सुईने टोचलेला असतो. अशा टोचलेल्या माशांत हा रोग जास्त सापडल्याची नोंद आहे. ते मासे घेऊच नका, असे माझे मत. रंगही काही महिन्यांत उतरतो.

कोई आणि गोल्डफिशच्या अंगावर मेणबत्तीचा थेंब गोठल्यासारखी गुळगुळीत गाठ हिवाळ्यात आली, तर तोही विषाणूच, पण बिनघोर. पाणी तापले की जाते. आमच्याकडे उन्हाळ्याची कमी नाही.

आणि शेवटी खरे आवाळू. माणसाला जसे मानेवर, पाठीवर आवाळू येते तसे गोल्डफिशलाही येते, विशेषतः वय झालेल्याला. एकच असते, हळूहळू वाढते, इतर माशांना होत नाही. ते पाण्यात औषध टाकून जात नाही. कितीही महाग बाटली आणा, जात नाही. मासा खातो, पोहतो, तर त्याला तसाच राहू द्यावा. गोल्डफिश नीट सांभाळला तर दहा-पंधरा वर्षे जगतो. ऑस्ट्रेलियात मेलबर्नला २०१४ साली जॉर्ज नावाच्या दहा वर्षांच्या गोल्डफिशच्या डोक्यावरची मोठी गाठ डॉक्टरांनी कापून काढली होती. भुलीचे औषध मिसळलेले पाणी नळीने कल्ल्यांवर सोडत पाऊण तास शस्त्रक्रिया चालली, खर्च २०० ऑस्ट्रेलियन डॉलर. जगभर बातमी झाली. आपल्याकडे असे कोणी करावे म्हणून नाही सांगत, पण "माशावर काय इलाज असतो?" म्हणून हसणाऱ्यांना सांगायला बरे.

पोट फुगले आणि वरून पाहिल्यावर खवले देवदाराच्या फळासारखे उभे दिसले, तर ती गाठ नाही. आतले मूत्रपिंड निकामी होऊन पाणी साठले आहे. यातून फार थोडे मासे वाचतात.

कॅप्सूल टाकण्याआधी

अकोट तालुक्यातल्या एका ताईंच्या दुकानातल्या टँकमध्ये चार गोल्डफिश होते. एकाच्या शेपटीजवळ हरभऱ्याएवढी गाठ आली. कोणी म्हणाले अपशकुन आहे, कोणी म्हणाले घरातली अँटिबायोटिकची कॅप्सूल फोडून टाका. कॅप्सूल टाकली. पाणी पिवळे झाले. तिसऱ्या दिवशी दोन मासे मेले, आणि गाठवाला मासा जिवंत! ताई म्हणाल्या, "ज्याले रोग होता तो वाचला, धडधाकट होते ते गेले. हे कसं काय?"

हे असे झाले. मासे पेटीतच लघवी-शी करतात, त्यातून अमोनिया तयार होतो. आपल्या गोठ्यात सकाळी डोळ्यांना झोंबतो तोच. पेटीतल्या फिल्टरच्या स्पंजमध्ये चांगले जंतू राहतात, ते या अमोनियाचे दुसऱ्या पदार्थांत रूपांतर करत राहतात. विरजणासारखेच समजा. अँटिबायोटिक टाकले की विरजण मेले, अमोनिया साठला, कल्ले जळाले. ज्या माशाचे अंग जास्त नाजूक तो आधी गेला. गाठ मात्र आवाळूची होती, तिला कॅप्सूलशी काही देणेघेणे नव्हते. तो मासा अजून आहे.

स्पंज नळाच्या पाण्याखाली धुतला तरी हेच होते, कारण नळाच्या पाण्यात क्लोरीन असते. ग्रामपंचायत टाकीत टीसीएल पावडर टाकते ती आपल्यासाठी गरजेची, पण माशासाठी विष. म्हणून स्पंज पेटीतूनच काढलेल्या पाण्यात पिळायचा, आणि बदलायचे पाणी बादलीत उघडे चोवीस तास ठेवून मग घालायचे. एका वेळी सगळे पाणी बदलू नका, पावभाग पुरे. पेटी घासून चकाचक करायची आपली सवय इथे नडते.

गाठ कसलीही असो, पहिले तीन दिवस हेच करायचे : चौथा हिस्सा पाणी बदला, दाणा निम्मा करा, हवेची मोटर बंद पडू देऊ नका. पाणी सुधारले की निम्म्या तक्रारी तिथेच थांबतात. आजारी मासा जमल्यास वेगळ्या टबात ठेवा, त्याची जाळी वेगळी, नवीन आणलेला मासा तर दोन-तीन आठवडे वेगळाच.

मीठ : किती, कोणाला, आणि खारपाणपट्ट्यात काय

पांढरे ठिपके, बुरशी, लहान जखमा यांवर सगळ्यात स्वस्त औषध म्हणजे खडे मीठ. पण अंदाजाने मूठभर टाकायचे नाही. आधी पेटीत पाणी किती ते काढा. लांबी × रुंदी × पाण्याची उंची, तिन्ही सेंटीमीटरमध्ये, भागिले १०००, म्हणजे लिटर. पेटी ६० सेंटीमीटर लांब, ३० रुंद, आणि पाणी २५ सेंटीमीटर उंच, तर ४५ लिटर. तळातल्या दगडांचे थोडे वजा करा.

सुरुवात लिटरला १ ग्रॅम. म्हणजे वरच्या पेटीला साधारण ४५ ग्रॅम. दुकानाच्या काट्यावर मोजा, मगभर पाण्यात विरघळवा आणि दिवसभरात तीन वेळा थोडे थोडे घाला. गोल्डफिशला पुढच्या दोन-तीन दिवसांत लिटरला ३ ग्रॅमपर्यंत नेता येते. मिशीवाल्या माशांना आणि पेटीतल्या जिवंत वनस्पतींना मीठ सोसत नाही, तिथे आजारी मासाच वेगळ्या टबात घेऊन करा. पाणी आटले म्हणून भर घातली तर पुन्हा मीठ घालू नका, कारण पाणी उडते, मीठ तिथेच राहते. पाणी बदलले तर मात्र बदललेल्या पाण्यापुरते घालायचे.

आता आपल्या भागाची खास गोष्ट. पूर्णेच्या दोन्ही अंगांना, अमरावती, अकोला, बुलढाण्यात पसरलेला आपला खारपाणपट्टा. दर्यापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूरकडच्या ताईंना बोअरचे पाणी कसे लागते ते सांगायला नको. त्या पाण्यात क्षार आधीच आहेत. शहरातल्या पुस्तकातले मिठाचे माप तिथे तसेच लावले तर माशाला जास्तीचे होते. तुमचे पाणी जिभेला खारट लागत असेल तर पेटीत ते वापरूच नका, महानच्या धरणाचे किंवा दुसऱ्या गोड्या योजनेचे नळाचे पाणी साठवून वापरा. कॅनमधले आरओचे पाणी शंभर टक्के वापरायचे नाही, त्यातले सगळेच क्षार निघालेले असतात आणि माशाला थोडे हवे असतात. नळाच्या शिळ्या पाण्यात मिसळून चालते.

उन्हाळ्याचेही सांगते. २० अंशाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशाला साडेसातच. आपल्या मे महिन्यात टिनाखाली ठेवलेली पेटी त्याच्याही पुढे जाते. मासा वर येऊन तोंड उघडतो तेव्हा तो भुकेला नसतो, गुदमरलेला असतो. खिडकीतून पेटी हलवा, झाकण बंद केलेली गार पाण्याची बाटली तरंगत ठेवा. पांढऱ्या ठिपक्यांसाठी दुकानदार हीटर देतात, तो एप्रिल-मेमध्ये अकोल्यात कशासाठी घ्यायचा ते मला कळलेले नाही.

आपले हात

हा भाग मोठ्याने वाचून दाखवा, ज्यांच्याकडे टँक नाही त्यांनाही.

माशांना क्षयासारखा एक रोग होतो. मासा वाळत जातो, पाठ वाकते, अंगावर न भरणाऱ्या जखमा होतात, कधी गाठी येतात. याचा जंतू माणसाच्या क्षयाच्या जंतूचा भाऊबंद आहे. तो पाण्यातून आपल्या हाताच्या चिरेतून आत जातो. आणि कापूस वेचणीच्या दिवसांत आपल्यापैकी कोणाच्या बोटांना चिरा नसतात? बोंडाच्या टोकाने बोटे रोज फाटतात, त्याच हाताने संध्याकाळी टँक धुतला जातो.

लगेच काही दिसत नाही. दोन-चार आठवड्यांनी बोटावर किंवा हाताच्या पाठीवर लालसर गाठ येते, दुखत नाही फारशी, पण महिना झाला तरी बसत नाही. कधी एकामागे एक गाठी मनगटाकडे चढतात. हा जंतू शरीराच्या आतल्या उष्णतेत नीट वाढत नाही, म्हणून बहुतेक वेळा हाताच्या कातडीपुरताच राहतो. एका माणसापासून दुसऱ्याला होत नाही. औषध आहे, पण काही महिने घ्यावे लागते आणि ते नेहमीच्या गोळ्यांनी बरे होत नाही. डॉक्टरला एक वाक्य आपण स्वतःहून सांगायचे : "माझ्या घरी फिश टँक आहे, मी तो धुते." हे वाक्य न सांगितल्याने लोक महिनोन्‌महिने भलतीच औषधे घेत राहतात. मधुमेह असलेल्या, किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्या ताईंनी टँक धुऊच नये, घरातल्या दुसऱ्याने धुवावा.

बाकीच्यांनी कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे घाला. नळीने पाणी ओढताना तोंड लावू नका. स्वयंपाकाच्या सिंकमध्ये पेटी, जाळी धुवू नका. नंतर साबणाने हात. लेकरांचेही.

मासा वाचणार नसेल, किंवा नकोसा झाला तर

गाठ एवढी वाढली की मासा तळाला पडून राहतो, खात नाही, कडेवर लोळतो, तर त्याला तसे आठवडाभर तडफडत ठेवणे बरोबर नाही. मेडिकलमध्ये लवंगाचे तेल मिळते. छोट्या बाटलीत कोमट पाण्यात दहा थेंब घालून जोरात हलवा, ते एक लिटर पेटीतल्याच पाण्यात मिसळा आणि मासा त्यात ठेवा. त्याला भूल येते. कल्ल्यांची हालचाल थांबल्यावरही अर्धा तास तसाच राहू द्या. नंतर विहिरीपासून लांब जमिनीत पुरा.

जिवंत असो वा मेलेला, नाल्यात, धरणात, विहिरीत सोडायचा नाही. पुण्य लागते म्हणून लोक सोडतात. आजारी मासा तिथल्या माशांना रोग देतो, आणि धडधाकट मासाही घात करतो. काच चाटणारा काळा सकर मासा लोकांनी असाच सोडला आणि तो आज देशातल्या अनेक नद्या-तलावांत मुजोर झाला आहे. भोई ताईंच्या जाळ्यात तो अडकला की जाळे फाटते, बाजारात त्याला कोणी विचारत नाही.

धंदा करायचा असेल तर

ज्या दोन गटांनी कर्ज मागितले आहे त्यांच्यासाठी थोडे. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत घरामागच्या शोभिवंत मासे संगोपनाचा प्रकल्प खर्च ३ लाख रुपये धरला गेला होता आणि महिलांना ६० टक्के अनुदान होते. सध्या काय चालू आहे ते जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयात विचारून घ्या, दलालाला विचारू नका. माझा आग्रह एवढाच की गटाने कर्जाचा ठराव करण्याआधी त्या ताईने एक पेटी सहा महिने चालवून दाखवावी. नवीन पेटीतले "विरजण" लागायलाच चार ते सहा आठवडे जातात. आणि खर्चाच्या अंदाजपत्रकात नव्या माशांसाठी वेगळ्या टाकीची रक्कम नसेल तर तो अर्ज मी परत पाठवीन. एक दाणेवाला मासा पूर्ण हौद बसवू शकतो आणि हप्ता तर दर महिन्याला येतोच.

निदान करायला अकोल्याला स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे. माशांचे खास शिक्षण देणारे मत्स्य विज्ञान महाविद्यालय नागपूरला तेलंगखेडीत आहे. दोन्ही महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात माशाचा अनुभव असेलच असे नाही, पण फोटो पुढे पाठवायला ते मदत करतात. आपल्या पशुसखीला सोबत न्या, तीही शिकेल.

बैठकीसाठी गणित

एका ताईची पेटी ७५ सेंटीमीटर लांब, ३० रुंद, पाणी ३० सेंटीमीटर उंच आहे. पाणी गोड्या नळ योजनेचे, मासे चार गोल्डफिश, अंगभर पांढरे दाणे. पहिल्या दिवशी मीठ किती ग्रॅम? चौथ्या दिवशी पावभाग पाणी बदलले, तोपर्यंत मीठ लिटरला ३ ग्रॅम झाले होते, तर आता किती घालायचे? उत्तरे इतिवृत्ताच्या वहीत लिहा, पुढच्या भेटीत मी पाहीन.